बरणीत न मावलेला मासा

आमच्याकडं समुद्राचा मासा बाजारच्या दिवशी यायचा, तोही वाळलेला. बिलोलीच्या बाजारात गोणपाटावर सुकट, बोंबील आणि खाऱ्या माशाचे लाकडासारखे तुकडे पसरलेले असायचे. आई ते तुकडे धुवून धुवून घ्यायची, तरी जेवताना शेजारी भरलेला तांब्या लागायचा. ओला मासा म्हणजे गोदावरीतला मरळ नाहीतर रोहू. समुद्रातला मासा मुळातच खारट असतो, यात आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचलो तरी मलाही नव्हती. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण तसं होतं खरं.

नांदेडला आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत काचेच्या कपाटांमध्ये बरण्या ठेवलेल्या होत्या. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले साप, बेडूक, मासे, खेकडे. प्रत्येक बरणीवर एक चिठ्ठी. तिच्यावर प्राण्याचं शास्त्रीय नाव, गाव आणि खाली संकलकाचं नाव. प्रात्यक्षिक परीक्षेला या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवायचे आणि आम्ही आतला प्राणी ओळखायचा. इतर मुलं वरचं नाव पाठ करायची. मी खालचं वाचायचो. जुन्या विद्यार्थ्यांची ती नावं असायची. त्यातली काही आडनावं गावातल्या दवाखान्यांच्या पाट्यांवरही दिसायची. आमचं आडनाव कुठल्याच कपाटात नव्हतं. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तर ते तिथं असणार कसं, हे कळत होतं. तरी प्रत्येक वेळी मी नजर फिरवून बघायचो.

शेवटच्या वर्षी अभ्यास सहल कोकणात जायची ठरली. सरांनी वर्गात सांगितलं, "आपल्या कपाटात नाही असा मासा जो स्वतः पकडेल आणि बरोबर ओळखेल, त्याची बरणी लागेल. त्याच्या नावानं. पण एका जातीचा एकच. कपाटात जागा नाही."

ही गोष्ट मी बाबांना सांगितली, तिथंच घोटाळा झाला.

बाबा गवंडी. किल्लारीकडं भूकंप झाला त्यानंतर ते तिकडं नव्या वसाहतींची घरं बांधायला गेले होते, आणि त्या घरांवर माझी शाळा झाली. पुढं लातूरसारखे नांदेडातही गल्लोगल्ली क्लासेस निघाले, बाहेरगावच्या पोरांना राहायला होस्टेलं लागायला लागली, तसे बाबा नांदेडात आले. ज्या क्लासचं नाव मी नुसतं पेपरात वाचायचो, त्याच्याच होस्टेलच्या भिंती ते उचलत होते. त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. भिंत ओळंब्यात आली म्हणजे झालं.

मी सहलीचं सांगितल्यावर त्यांनी थापी खाली ठेवली.

"म्हंजे कॉलेजात आपलं नाव काचंत लागून राहिलं?"

"लागेल असं नाही बाबा. मासा सापडला तर."

"सापडंल की. लई मोठा समुद्र हाय म्हन्तात."

दुसऱ्या दिवशी सगळ्या साइटला कळलं होतं. फरशी बसवणारे एक मिस्त्री होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांनी मला लांबूनच हाक मारली, "क्या डाक्टर, नाम लगा क्या बोतल में?" सहलीला जायचं अजून बाकी होतं.

बसमध्ये माझ्या शेजारी माझा खोलीतला सोबती बसला होता. तो औश्याकडचा. भूकंपात त्यांचं गाव गेलं आणि ते पत्र्याच्या शेडमधून नव्या वसाहतीत आले. घरच्यांनी त्याला लातूरला डॉक्टर करायला घातलं. तिथं तो प्रवेश परीक्षेला एकदा बसला, मग पुन्हा बसला आणि शेवटी आमच्यात आला. क्लासमध्ये त्याला सगळं प्राणिशास्त्र चार पर्यायांमध्ये शिकवलेलं होतं, आणि तो बोलायचाही तसाच. मेसमध्ये भाजी कसली म्हणून विचारलं तर म्हणायचा, "वांगं, बटाटा, दोन्ही, यांपैकी नाही." आणि ताटात बघून, "यांपैकी नाही." त्याला बरणीचं काही पडलेलं नव्हतं. त्याला ओला समुद्री मासा खायचा होता.

"तू नाव लाव," तो मला म्हणाला. "मी चव घेतो. दोघांचं काम हुतंय बघ."

कोकणात एका शाळेच्या पडवीत आमचा मुक्काम होता. पुढं सुरूची झाडं आणि झाडांमागं समुद्र. नांदेडहून आचारीमामा सोबत आले होते. ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि येसराचा डबा त्यांनी घरूनच घेतला होता. येसर म्हणजे धान्यं भाजून, मसाला घालून केलेलं पीठ. आमच्याकडं रस्सा त्यानं दाट होतो. परक्या मुलखात कशाचाच भरवसा नाही, असं म्हणून मामांनी डबा उशाशी ठेवला होता.

सकाळी आम्हाला गटागटानं होडीतून नेलं. होडीवाले काका वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "तुमी खंयचे?"

"नांदेडचे."

"थंय समुद्र नाय?"

"नाही."

त्यांनी आमच्याकडं इतक्या दयेनं पाहिलं की आमचा सोबती म्हणाला, "काका, आमच्याकडं नदी हाय. पन ती बी कधी कधीच आसती."

गळाला कोळंबीचा तुकडा लावून दोर हातानंच सोडायचा होता. होडी सारखी डोलत होती, आणि मी तिच्या कडेला धरून बसलो होतो तो मासे पकडण्यापेक्षा स्वतःला सांभाळायला. त्यामुळं दोराला ओढ बसली तेव्हा मला आधी वाटलं, मीच चाललो. काकांनी मदत केली नसती तर खरंच गेलो असतो. वर आलं ते बघून मी घाबरलो. तो मासा चपटा होता. भाकरीवर कुणी पाय द्यावा तसा. वरून तपकिरी, खालून पांढरा, तोंड वाकडं, दात टोकदार, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत आणि वर आणखी थोडा.

"ह्याच्यावरून ट्रक गेलाय का काय?" सोबती म्हणाला.

माझं सगळं लक्ष त्या माशावर होतं. असा मासा आमच्या कपाटात नव्हता. मला ती बरणी दिसायलाच लागली.

तेवढ्यात सोबत्याच्या दोरालाही ओढ बसली, आणि तसाच चपटा मासा वर आला. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. होडीच्या फळीवर दोघांना शेजारी ठेवलं तेव्हा गंमत कळली. माझ्या माशाचे डोळे डाव्या अंगाला होते, त्याच्या माशाचे उजव्या.

"भाकस," काका म्हणाले. "ह्यो नर, ती मादी. डोळे खंयच्या बाजूक आसत ता बघलंस काय कळता."

सोबत्यानं मान हलवली. "न्हाई काका. आमच्या क्लासच्या नोट्समदी एका वाक्याचं हुतं. डोळे डावीकडं तर एक कूळ, उजवीकडं तर दुसरं. एका मार्काचा प्रश्न. मी बरोबर लिहिलेला, तरी नंबर लागला न्हाई ते सोडा."

म्हणजे दोन जाती. म्हणजे दोन बरण्या. मला फार आनंद झाला. काठावर आल्यावर सरांना दाखवलं, तर तेही खूश झाले. फक्त म्हणाले, "पुस्तकातून शेवटपर्यंत ओळखून आण. मग फॉर्मॅलिन काढू." सोबत आणलेल्या बरण्यांमधली एकच रिकामी होती. तिच्यात लहान मासा जात होता, माझा जात नव्हता. आम्ही त्याला उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. शेपूट बाहेरच.

"दोन जाती असल्या तर तुझा डब्यातून नेऊ," सर म्हणाले, "आणि नांदेडला मोठी बरणी विकत घेऊ. एकच जात असली तर लहान जाईल बरणीत."

"आन मोठा?" सोबत्यानं विचारलं.

सरांनी आचारीमामांकडं पाहिलं.

आता सगळं माझ्या ओळखण्यावर आलं. सोबत्याला एकदम वेगळीच निष्ठा सुचली. मघाशी नोट्समधलं वाक्य ठणकावून सांगणारा तोच आता पडवीत माझ्या मागंपुढं करायला लागला. "नीट बघ बरं. घाई करू नको. मला तर ते सख्खे भाऊ वाटायलेत."

"मघाशी दोन कुळं म्हणालास."

"मघाशी भूक न्हवती."

पुस्तक म्हणजे झेरॉक्स होतं, इंग्रजीत. त्यात प्रश्न असतात. एकाचं उत्तर दिलं की पुढच्या प्रश्नाकडं पाठवतात, असं करत करत नावापर्यंत पोचायचं. मी डोळ्यांच्या प्रश्नापासून सुरुवात केली, कारण तो सोपा होता आणि नोट्समध्येही तेच होतं. डावीकडून गेलो तर कुठल्यातरी नावाशी पोचायचो, पण त्या माशाचं तोंड बारीक असायला हवं होतं. माझ्या माशाचं तोंड तर पाकिटासारखं उघडत होतं. उजवीकडून गेलो तरी लहान माशाचं तसंच. पुन्हा पुन्हा गेलो. मग पान उलटून मागं पाहिलं, तर डोळ्यांच्या आधीही एक प्रश्न होता. तो मी अवघड म्हणून सोडला होता. पाठीवरचा पर कुठून सुरू होतो, डोळ्याच्या वरून की डोळ्याच्या बराच मागून?

मी लहान माशाची पाठ बोटानं चाचपली. पर डोळ्याच्या बराच मागून सुरू होत होता. मग मोठ्याची चाचपली. तसंच. पुढं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की या एका जातीत डोळे कुठल्याही बाजूला येतात. काही डावखुरे, काही उजवे. जात एकच.

मी पुस्तक मिटून बसून राहिलो. खरं सांगायचं तर, तो पहिला प्रश्न दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता. सर थकले होते, त्यांनी तपासलं नसतं. नांदेडात कपाटासमोर उभं राहून कोण माशाची पाठ चाचपणार होतं? बाबांनी साइटवर सांगून ठेवलं होतं. आणि मासा माझाच मोठा होता, होडीतून पडता पडता काढलेला.

पण चिठ्ठीवर चुकीच्या नावाखाली आमचं आडनाव लागणार, आणि दरवर्षी परीक्षेला पोरं ते चुकीचं नाव पाठ करणार, हे काही मला गिळता येईना. मी उठलो आणि सरांकडं गेलो.

"सर, मला वाटतं... म्हणजे खात्री आहे तशी... एकच जात आहे."

सरांनी पर बघितला, पुस्तक बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "नर-मादी?"

लहान माशाच्या पोटाला फॉर्मॅलिन आत जावं म्हणून चीर द्यायची होती. दिली, तर आत गाभोळी, म्हणजे अंडी. मग मोठ्याच्याही पोटात बघितलं. तिथंही गाभोळी. दोघी माद्याच होत्या. काका तिथंच उभे होते. ते दिलखुलास हसले आणि म्हणाले, "मगे माझ्या आज्यान माका फशवल्यान."

लहानी बरणीत गेली. चिठ्ठीवर संकलक म्हणून सोबत्याचं नाव सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझा मासा आचारीमामांच्या परातीत गेला. सोबत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, पण त्याची नजर परातीवर होती.

मामांनी मला बाजूला बोलावलं. "भाऊ, तुमी शिकलेले हाव. हे समुद्रातलं हाय. मीठ किती घालू?"

मला बाजारातले ते लाकडासारखे तुकडे आठवले, आणि तांब्या. मी जरा विचार करून म्हणालो, "कमीच घाला मामा."

"मी बी तेच म्हन्लो," मामा म्हणाले, आणि त्यांनी घातलंच नाही.

दिवेलागणीला पडवीत ओळीनं बसलो. येसर लावलेला दाट रस्सा, काळा मसाला, ज्वारीची भाकरी. वास असा सुटला होता की शाकाहारी पोरंही ओळीच्या टोकाला सरकून बसली. सरांनी बसण्याआधी सगळ्यांना उद्देशून सांगितलं, "मी काय खाल्लं ते नांदेडात कुणी बोलायचं नाही. घरी मी नुसता भात खाल्ला." मग पहिला घास घेतला.

सगळे चावत राहिले. मासा पांढरा, मऊ, काटा नाहीच जवळजवळ. पण चव शोधावी लागत होती. समोरचा माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं बघतोय. परक्या मुलखातला मासा आहे, असाच असेल, असं प्रत्येकानं आपल्या मनाशी ठरवलेलं.

शेवटी सरच म्हणाले, "मामा, मीठ राहिलं का?"

"राहिलं कसं? घातलंच न्हाई. समुद्रातलं हाय न्हवं सर. तुमच्याच पोरानं सांगितलं."

सगळी ओळ माझ्याकडं वळली. सरांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "समुद्रातल्या माशाच्या अंगात समुद्राएवढं मीठ असतं का?"

"पर्याय द्या सर," सोबती म्हणाला.

मला उत्तर येत होतं. मी उभा राहून ते दिलंसुद्धा, ताट हातात घेऊन. मासा समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, म्हणून त्याच्या मांसात मीठ थोडंच राहतं. अगदी पेपरात लिहिलं होतं तसं.

"मग मामांना का नाही सांगितलंस?"

"पेपरात विचारलं हुतं सर त्याला," सोबती माझ्या वतीनं म्हणाला. "सैपाकात न्हवतं विचारलं."

मग सगळे हसले ते हसतच राहिले. मामा मिठाचा डबा घेऊन ओळीनं फिरायला लागले, पण सोबत्याला तेवढा धीर नव्हता. तो ताटातला तुकडा घेऊन सरळ सुरूच्या झाडांमधून पळाला, समुद्रात बुडवला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला. परत आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"कसं लागलं?" मी विचारलं.

"मीठ बरोबर हाय. वाळू जादा झाली."

मी माझ्या ताटात मीठ टाकून पुन्हा खाल्लं. मासा चांगला होता. फारच चांगला होता. नाव गेल्याचं दुःख करत खावं, असं मी ठरवलं होतं, पण दुसरा तुकडा मागून घेताना मला ते जमलं नाही.

नांदेडला परतलो. बाबा एका दुपारी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून कॉलेजात आले. सोबत चाचा होते. त्यांना साक्षीदार म्हणून आणलं होतं. अटेंडंटनं मागची खोली उघडून दिली. मी त्यांना कपाटापाशी नेलं. बाबांनी बरणीला तोंड जवळ नेलं. त्यांना वाचता येतं, पण सावकाश. त्यांनी चिठ्ठीवरचं खालचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"हे तर औश्याच्या पोराचं हाय."

"हो."

"आपलं कोन्तं मग?"

मी सगळं सांगितलं. दोन मासे, डोळे, पर, गाभोळी, बरणीचं तोंड. सांगताना मी बरणीकडंच बघत होतो. शेवटी म्हणालो, "म्हणजे आपला बरणीत गेला नाही बाबा. आपला आम्ही खाल्ला."

चाचांनी टोपी मागं सरकवली. "अरे बाप रे! पोट्टे ने नाम इच खा लिया!"

मला बाबांकडं बघवेना. मग त्यांनी बरणीवर बोट टेकवलं. "ह्या बरनीत आपला मावंना?"

"नाही. शेपूट बाहेर राहत होती."

"आन तू सांगितलं नसतं तर लागलं असतं आपलं नाव?"

"लागलं असतं. चुकीचं लागलं असतं."

बाबांनी मान हलवली. वाकडी भिंत उतरवून पुन्हा चढवायची ठरली की ते अशीच हलवायचे. "मग न्हाई लागलं ते बरं," ते म्हणाले. आणि लगेच विचारलं, "लागलं कसं पन खायाला?"

"अळणी," मी म्हणालो, आणि मिठाचं सांगितलं. त्यावर ते दोघं असे हसले की अटेंडंट बाहेरून बघायला आला.

मला वाटलं, विषय संपला. साइटवर कुणी विचारलं तर बाबा काहीतरी सांगून टाळतील. पुढच्या आठवड्यात मी मेसमधून त्यांचा डबा घेऊन होस्टेलच्या बांधकामावर गेलो, तर जिन्याच्या पहिल्या मजल्यापर्यंत त्यांचा आवाज येत होता. सगळे कामगार सिमेंटच्या गोण्यांवर बसले होते. बाबा मध्ये उभे होते, आणि त्यांनी दोन्ही हात पसरले होते. माझ्या माशापेक्षा निदान दुप्पट.

"कॉलेजात त्येच्या मापाची बरनीच न्हाई! एवढ्या मोठ्या कॉलेजात! शेवटी सरांनी हात जोडले, म्हन्ले, खाऊन टाका पन आवरा याला."

"झूठ," चाचा म्हणाले. "इत्ता बडा कहाँ रहता?"

"हे काय, पोरगा आला. त्यालाच इचारा. तो शिकून राहिला माशाचं." बाबांनी हात तसेच पसरलेले ठेवून माझ्याकडं पाहिलं. "सांग रे. एवढा व्हता का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी डबा खाली ठेवला. बाबांच्या एका तळहातापासून दुसऱ्यापर्यंत नीट नजर फिरवली, पुस्तकात माशाचं माप घ्यायला सांगतात तशी, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. घाई केली नाही.

"नाही बाबा," मी म्हणालो. "डावा हात जरा आणखी लांब घ्या."